मोडतोडीची वही

मॉय नदीकाठी, पुलापासून तिसरं दुकान.
पाटीवर अजून वडिलांचंच नाव आहे, टार्लाक.
मी ती पुसली नाही, नव्याने रंगवलीही नाही.

लोक मोडलेल्या काठ्या आणतात
कापडात गुंडाळून, काखेत धरून,
आजारी मांजर आणावं तशा,
आणि उंबरा ओलांडण्याआधीच सांगू लागतात
मासा केवढा होता ते.

वहीत दोन रकाने. वडिलांनी आखलेले.
एकात, गिऱ्हाईक काय म्हणालं.
दुसऱ्यात, काठी काय म्हणाली.

पहिल्यात शेकडो सामन, एकेक वासराएवढा.
दुसऱ्यात बहुतेक वेळा गाडीचं दार.
नाहीतर जिना, कुत्रा,
मेव्हण्याचा बूट.

मासा काठी मोडत नाही,
त्याला तेवढी सवड नसते.
काठी भार वाटून घेते
बुडापासून शेंड्यापर्यंत, सगळं अंग वाकवून.
पण मासा जाळ्याशी आला की माणसाला घाई होते,
मनगट वर जातं, काठी पार उभी होते,
आणि सगळं ओझं येतं शेंड्याच्या वीतभर जागेवर
जिथे ती गवताच्या काडीएवढी.
मग तो आवाज.
तो ऐकलेला माणूस काही वेळ
पाण्याकडेच बघत राहतो.

किती वर्षं टिकते, नवखे विचारतात,
पाकीट अर्धं उघडून.
काचतंतूची तुमच्या नातवाला पुरेल,
तुम्ही तिला परसात विसरलात तरी.
कार्बनची हलकी, चपळ, आणि मनात धरून ठेवणारी.
फेकताना शिशाची गोळी एकदा टकरली
तेवढं बास. वरून रंग जसाच्या तसा,
आत एक धागा गेलेला.
वेळूची वाकते, आणि थोडी वाकलेलीच राहते
ज्या अंगाला जन्मभर मासे आले त्या अंगाला.
वडिलांची पाठ तशी होती. डावीकडे.

मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणणारी माणसं
आमच्या गावातही आहेत.
त्यांच्या काठ्या वहीत आहेत.

मार्चमध्ये फिंटन आला. पंचेचाळिशीचा, पतपेढीतला.
काठी त्याच्या वडिलांची, वडील जानेवारीत गेलेले.
पहिल्याच फेकीला मोडली, म्हणाला.
माशाचं नाव काढलं नाही.

मी भिंग लावलं.
तुटलेल्या कडेचा अर्धा भाग ताजा, तंतू उसवलेले.
अर्धा जुना, काळपट, ओल मुरून गुळगुळीत झालेला.
आणि त्या जागेवर, जिथे कडी नाही, काही नाही,
बोटभर रेशमी दोरा गुंडाळलेला,
काठीच्या रंगाला रंग मिळवून.
तो हात मी ओळखते.

ही दोनदा मोडली आहे, मी म्हटलं.

तो स्टुलावर बसला.
नऊ वर्षांचा होतो. अंधारात पाय पडला.
बिस्किटासारखं काहीतरी वाजलं.
तशीच पिशवीत घातली, नाडी बांधली.
कुणाला बोललो नाही.
ते त्यानंतरही रोज हीच न्यायचे.
लांब फेकायचे नाहीत फक्त.
मोठा मासा लागला तर तंगूस कापून टाकायचे,
आम्ही भावंडं हसायचो त्यांना,
म्हणायचो, बाबा घाबरतात.

माळ्यावरून जुनी वही काढायला वेळ लागला.
उंदरांनी एप्रिल खाल्ला होता,
मे शाबूत.
पहिल्या रकान्यात त्याच्या वडिलांचं म्हणणं :
माझ्याच हातून पडली, दगडावर.
दुसऱ्यात माझ्या वडिलांचं तिरकं अक्षर :
लहान पाय.

वही मी त्याच्याकडे वळवली
आणि उगाच आत जाऊन किटली ठेवली.

परत आले तर तो उभा होता, कोट घातलेला.
किती दिवस लागतील, विचारलं त्याने.
तीन, मी म्हटलं. रोगण वाळायला दोन.
पूर्वीसारखी होणार नाही पण.
लांब फेकू नका.

नाही फेकत, म्हणाला.